तो गटातून निघून गेला: बायकांकडून पुरुषांवर होणारा अत्याचार आपण अत्याचार म्हणून धरतो का?

तळ्यात_मळ्यात (धागाकर्ता)

आमच्या दहावीच्या बॅचचा व्हॉट्सॲप गट आहे. सगळे पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे. एरवी सुप्रभात, कारल्याचा रस आणि निवडणुका आल्या की भांडणं. गेल्या महिन्यात मुंबईतल्या एका शिक्षिकेला अल्पवयीन विद्यार्थ्यावर लैंगिक अत्याचार केल्याच्या आरोपावरून पॉक्सोखाली (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) अटक झाल्याची बातमी आली आणि गटाला उधाण आलं. "आमच्या वेळी कुठे होत्या अशा बाई", "आपल्याला नुसत्या छड्याच मिळाल्या", "पोरगं नशीब काढून आलंय". तासाभरात चाळीसेक हसरे चेहरे.

रात्री साडेदहाला बारीक अक्षरांत एक ओळ उमटली. आमचा एक मित्र गट सोडून गेला होता. त्यावरही कुणीतरी लिहिलं, "याला कुठल्या बाई आठवल्या?"

दुसऱ्या दिवशी मी फोन केला. म्हणाला, "काही नाही रे, मेसेज फार येतात, फोन अडकतो." मग जरा वेळ गप्प. मग म्हणाला, "तुम्ही सगळे हसलात ना, तेव्हा वाटलं, मी इतकी वर्षं बोललो नाही तेच बरं केलं." आणि लगेच आमच्याकडे पाऊस किती झाला ते विचारायला लागला.

मी पुढे काही विचारलं नाही. विचारायला हवं होतं का? आणि दुसरं, बाईने पुरुषावर किंवा मुलावर केलेली जबरदस्ती आपल्याला जबरदस्ती वाटतच नाही, असं का? तिसरं, गटात आता काही लिहावं की नको?

(ओळख पटू नये म्हणून एकदोन तपशील बदललेत.)

ठेचाभाकर

आमच्या वाट्याला असला अत्याचार कधी येणार? वाट बघून केस गेले. हलके घ्या.

अवंती_आर

ठेचाभाकर, धागा वाचून लिहिलंत की शीर्षक बघून? चाळीस हसरे चेहरे होतेच, तुमचा एक्केचाळिसावा.

काळा_कोट

आधी कायद्याचं सांगून टाकते, मग तुम्ही भांडा.

जुन्या दंड संहितेच्या कलम ३७५ ची सुरुवातच 'एखादा पुरुष' अशी होती. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तिथे ते कलम ६३ झालं. सुरुवात तीच. करणारा पुरुष, सोसणारी स्त्री. बाईवर सामूहिक बलात्काराचा खटलाही चालू शकत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली सांगितलं होतं, आणि त्या प्रकरणात तर पीडित मुलगी होती!

मधे एकदा चित्र पालटलं होतं. दिल्लीच्या निर्भया प्रकरणानंतर ३ फेब्रुवारी २०१३ ला जो अध्यादेश आला त्यात 'बलात्कार' हा शब्दच काढून 'लैंगिक हल्ला' असा घातला होता आणि दोन्हीकडे 'व्यक्ती' म्हटलं होतं. ते दोन महिने टिकलं. एप्रिलमध्ये कायदा झाला तेव्हा पुन्हा पुरुष आणि स्त्री. त्याच्याही आधी २००० साली विधी आयोगाच्या १७२ व्या अहवालात लिंगनिरपेक्ष व्याख्या सुचवलेली होती. निर्भया प्रकरणानंतर नेमलेल्या वर्मा समितीने मधला रस्ता काढला: पीडित कुणीही असेल, आरोपी मात्र पुरुष.

सज्ञान पुरुषाला एक मोडकंतोडकं कलम होतं, 'अनैसर्गिक' संबंधांवरचं ३७७. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने संमतीच्या संबंधांपुरतं ते रद्द केलं आणि बळजबरीपुरतं शिल्लक ठेवलं. न्याय संहितेत ते आलंच नाही. संसदेच्या स्थायी समितीने सांगितलं होतं, ठेवा म्हणून. नाही ठेवलं. तेव्हा आज सज्ञान पुरुषावर लैंगिक जबरदस्ती झाली, मग ती बाईने केलेली असो की पुरुषाने, तर दुखापत, डांबून ठेवणं, धमकी, खंडणी अशी ठिगळं जोडत बसावं लागतं. घर लुटलं गेलं आणि फिर्याद लिहिली कुंपण मोडल्याची, असा प्रकार.

अठरा वर्षांखालच्यांसाठी मात्र पॉक्सो आहे, २०१२ चा. त्यात 'बालक' म्हणजे मुलगा-मुलगी दोन्ही. आरोपी बाई असू शकते का यावर वकील वाद घालत असत, कारण कलम ३ च्या इंग्रजीत करणाऱ्याला पुल्लिंगी सर्वनाम आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२४ च्या ऑगस्टमध्ये सांगितलं की त्या सर्वनामात बाईसुद्धा येते. म्हणजे तुमच्या गटात ज्यावर हशा पिकला तो देशातल्या सगळ्यात कडक कायद्यांपैकी एकाखालचा गुन्हा आहे. अर्थात मुंबईचं प्रकरण आरोपाच्या पायरीवर आहे, खटला व्हायचाय. त्या बाईंना इथे फाशी देऊ नये.

रंकाळा_भेळ

कोटताई, एकदम झकास. साठवून ठेवलं.

खराखुरा_पुरुष

शेवटी कुणीतरी बोललं! सगळे कायदे बायकांच्या बाजूचे. सासरच्या छळाच्या कलम ४९८अ मध्ये माझ्या मामेभावाचं घर उद्ध्वस्त झालं. पोटगी, खोट्या केसेस, मुलांचा ताबा, कुठे आहे समानता? स्त्रीमुक्तीवाल्यांनी उत्तर द्यावं.

सावली_उन्हातली

आलाच हा प्रतिसाद. दहाच्या आत येणार याची पैज मारली होती.

भाऊ, या धाग्यावर एका माणसाने तीस वर्षं तोंड उघडलं नाही त्याबद्दल चाललंय. तुमच्या मामेभावाच्या पोटगीचा त्याला काय उपयोग? माझी तक्रार नेमकी हीच आहे. पुरुष पीडितांची आठवण बऱ्याच जणांना बाईने तोंड उघडलं की मगच होते. एरवी तोच पीडित समोर आला तर हेच लोक म्हणतात, 'पार्टी दे'.

आणि लिंगनिरपेक्ष कायद्याला विरोध करणाऱ्या सगळ्या बायका पुरुषद्वेष्ट्या नसतात. मुंबईत बायकांना कायद्याची मदत करणाऱ्या मजलिस संस्थेच्या फ्लेव्हिया अॅग्नेस कितीतरी वर्षं या बदलाच्या विरोधात लिहीत आल्या. २०१३ मध्येही महिला संघटनांनी आरोपीच्या जागी 'व्यक्ती' घालायला कडाडून विरोध केला. भीती साधी आहे. बाई तक्रार द्यायला ठाण्यात गेली की दुसऱ्या दिवशी समोरच्याची उलटी तक्रार तयार. गावात कुणाची नोंदवून घेतील ते सांगायला नको.

काळा_कोट

सावली, भीती खरी आहे, मी ती कोर्टात रोज बघते. पण त्यावर उपाय म्हणून पुरुष पीडिताला कायद्यातून पुसून टाकायचं का? वेगळं कलम करता येतं. स्त्रियांसाठीचं कलम आहे तसं राहू दे, शेजारी दुसरं उभं करा. ताट एकच आहे आणि त्यातली भाकरी कुणाची कमी होणार, असं धरून भांडण चाललंय.

सावली_उन्हातली

वेगळं कलम असेल तर माझी हरकत नाही. हे आधी कुणी नीट मांडत नाही म्हणून चिडचिड होते.

लीड्सकर

इंग्लंडमध्ये साधारण तसंच आहे. २००३ च्या लैंगिक गुन्ह्यांच्या कायद्यात बलात्काराची व्याख्या पुरुषाच्या अवयवाशीच बांधलेली आहे, त्यामुळे बाईवर तो गुन्हा मदतनीस म्हणूनच लागू शकतो. पण शेजारी कलम ४ आहे, संमतीशिवाय एखाद्याला लैंगिक कृती करायला लावणं. त्यातल्या गंभीर प्रकाराला जन्मठेपेपर्यंत शिक्षा. म्हणजे शिक्षा जवळपास तीच, नाव वेगळं.

आता नावाने काय फरक पडतो, असं मला आधी वाटायचं. लँकेस्टर विद्यापीठाच्या शिव्हॉन वेअर यांनी बाईने जबरदस्ती केलेल्या पुरुषांचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध केला. त्याबद्दल वाचल्यावर मत बदललं. माणसाला आपल्यावर काय झालं ते सांगायलाच शब्द नसेल तर तो सांगणार काय? 'माझ्यावर कलम ४ झालं' असं कोण म्हणतं?

न्यू_जर्सीची_मावशी

अमेरिकेची गंमत ऐका, गंमत म्हणजे रडू येईल अशी. १९२७ पासून एफबीआयच्या व्याख्येत बलात्कार फक्त स्त्रीवर होत असे. ती व्याख्या बदलली २०१२ मध्ये. आणि रोगनियंत्रण खात्याच्या, म्हणजे सीडीसीच्या २०१० च्या पाहणीत, 'बळजबरीने संभोग करायला लावलं' हा प्रकार बलात्कारात न धरता वेगळ्या रकान्यात ठेवला. त्या रकान्यात ४.८ टक्के पुरुष निघाले, म्हणजे दर एकविसात एक. त्यांच्यातल्या ७९.२ टक्क्यांनी सांगितलं की करणारी फक्त बाईच होती. रकाना वेगळा असल्यामुळे मथळ्यात तो आकडा आलाच नाही.

आणि कॅन्सासचा १९९३ चा निकाल तर कहर. तेरा वर्षांच्या मुलाला सांभाळायला येणारी मुलगी त्याच्यापासून गरोदर राहिली. कायद्याने तो संमती देऊ शकत नव्हता. तरी त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, बाळाचा खर्च त्यानेच द्यायचा!

ठेचाभाकर

बाप रे. मावशी, हे खरं आहे?

न्यू_जर्सीची_मावशी

अगदी खरं. आमच्या लेकीला लॉ स्कूलमध्ये अभ्यासाला होतं, तिने सांगितलं तेव्हा मीही तुझ्यासारखंच विचारलं.

सदूनाना_वाईकर

श्रावण चालू आहे म्हणून आठवलं. आमच्याकडे नवनाथांच्या पोथीचं पारायण असतं. त्यात चौरंगीनाथाची कथा येते. राजपुत्रावर सावत्र आईची नजर गेली, त्याने नकार दिला, तिने उलटा आळ घेतला आणि राजाने पोराचे हातपाय तोडवले. लहानपणापासून ऐकतोय, पण ही गोष्ट याच विषयाची आहे हे आज पहिल्यांदा लक्षात आलं. अर्जुनाचंही तेच. उर्वशीला नाही म्हणाला, तर तिने शाप काय दिला? नपुंसक हो. आज नाही म्हणणाऱ्या पोराला मित्र जे म्हणतात तेच.

सावली_उन्हातली

नाना, उर्वशीचं अगदी पटलं. चौरंगीनाथाबद्दल मात्र थोडी कुरकुर. त्या कथेतून लोक 'बायका खोटे आळ घेतात' एवढंच उचलतात. राजाने चौकशी न करता हातपाय तोडले, तो मात्र सुटतो.

सदूनाना_वाईकर

तेही खरं. राजे लोक कायमच सुटतात.

वैद्यबुवा_नव्हे

सगळ्यांच्या मनात असलेला आणि कुणी न विचारलेला प्रश्न मीच घेतो. 'पुरुषाची इच्छा नसेल तर ते होईलच कसं?'

होतं. शरीराची प्रतिक्रिया आणि मनाची इच्छा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कांदा चिरताना डोळ्यांतून पाणी येतं, तेव्हा कुणी सांत्वनाला येत नाही. भीती, ताण, नुसता स्पर्श यांनीही शरीर प्रतिसाद देतं. त्यावर माणसाचा ताबा नसतो. सॅरेल आणि मास्टर्स या संशोधकांनी १९८२ सालीच बायकांनी जबरदस्ती केलेल्या पुरुषांवर निबंध लिहिला होता. धमकी असताना, प्रचंड भीती असतानाही शरीराने प्रतिसाद दिल्याचं त्यात आहे. आणि नंतर बराच काळ त्रास झाल्याचंही.

हीच गोष्ट पीडिताला सगळ्यात जास्त खाते. त्याला वाटतं, शरीराने साथ दिली म्हणजे मला हवंच होतं. मग तो कुणाला सांगणार? स्वतःलाच पटलेलं नसतं.

पोळपाट_लाटणं

माझा मुलगा सातवीत आहे. शाळेत 'चांगला स्पर्श, वाईट स्पर्श'ची कार्यशाळा झाली. मुलींना हॉलमध्ये बसवलं आणि मुलांना मैदानावर खेळायला सोडलं. पालकसभेत मी विचारलं तर मुख्याध्यापिका म्हणाल्या, "मुलांना काय गरज?" माझ्या शेजारचे एक वडील हसले. मी खाली बसले. अजून राग येतो, माझाच.

वैद्यबुवा_नव्हे

ताई, पुढच्या सभेत त्यांना २००७ च्या सरकारी पाहणीचा आकडा द्या. महिला व बालविकास मंत्रालयाने तेरा राज्यांत केली होती, बारा हजारांवर मुलं होती त्यात. ५३.२२ टक्के मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक छळ झाल्याचं सांगितलं, आणि त्यांच्यात मुलगे ५२.९४ टक्के. निम्म्याहून जास्त.

अवंती_आर

एक सावधगिरी. या आकड्यातून करणारी बाई होती की पुरुष ते कळत नाही. या धाग्याच्या विषयाचा पुरावा म्हणून तो वापरू नये. मुलांना मैदानावर पाठवू नये यासाठी मात्र पुरेसा आहे.

रंकाळा_भेळ

माझं बी ऐका. गावाकडं लग्नात हळदीला नवऱ्याच्या धाकट्या भावाला बायका घेरून शर्ट फाडंपर्यंत हळद लावत्यात. थोरल्याच्या लग्नात मी तेरा वर्षांचा होतो. रडलो होतो. आई बी हसत होती. त्याची कॅसेट घरात हाय, पाव्हणं आलं की लावत्यात अजून.

चिंचोळी_गल्ली

रंकाळा, सहानुभूती आहे, पण हळद आणि अत्याचार एका पंगतीत बसवू नका. असं केलं की मूळ मुद्दा पातळ होतो. चेष्टा आणि गुन्हा यात फरक असतो.

रंकाळा_भेळ

मी कुठं म्हणालो गुन्हा हाय म्हणून. रडणाऱ्या पोराला बघून सगळी हसत होती एवढंच सांगितलं. वरच्या गटात पण हसतच होते की.

उपसंपादक_निवृत्त

अठ्ठावीस वर्षं दैनिकाच्या डेस्कवर काढली. कबुली देतो. शिक्षकाने विद्यार्थिनीवर केलं तर मथळा 'अत्याचार', 'नराधम'. शिक्षिकेने विद्यार्थ्यावर केलं तर 'प्रेमप्रकरण', 'अनैतिक संबंध', 'विद्यार्थ्यासह शिक्षिका फरार'. मी स्वतः लावलेत असले मथळे. मुलगा पंधरा वर्षांचा होता एका बातमीत आणि मी 'प्रियकर' लिहिलं. कुणी हरकत घेतली नाही, उलट पहिल्या पानावर घेतली बातमी.

भाषेचंच बघा. आम्ही 'पीडिता' हा शब्द इतका वापरला की 'पीडित' म्हटलं की लोकांना पूरग्रस्त वाटतो. 'विनयभंग' तर पुरुषाचा होऊच शकत नाही. 'बलात्कार' या शब्दात मात्र ना बाई आहे ना पुरुष. बलात् म्हणजे बळाने. संस्कृत शब्द कायद्यापेक्षा उदार निघाला.

ठेचाभाकर

पुरुषाचा विनयभंग व्हायला आधी विनय पाहिजे ना! (हा विनोद चालेल का? नसेल तर उडवा.)

संपादक मंडळ

चालेल. 'खराखुरा_पुरुष' यांचे त्यानंतरचे तीन प्रतिसाद मात्र व्यक्तिगत शेरेबाजीमुळे उडवले आहेत. पोटगीवर वेगळा धागा आहे, तिकडे जावे.

खुर्ची_क्र_४

मी एचआरमध्ये आहे. कार्यस्थळी लैंगिक छळाच्या २०१३ च्या कायद्यात तक्रारदार स्त्रीच आहे, पण बऱ्याच कंपन्या स्वतःचं धोरण सगळ्यांसाठी सारखं ठेवतात. आमचंही तसंच होतं. एका तरुणाने आपल्या वरिष्ठ बाईंविरुद्ध लेखी तक्रार दिली. बढतीची यादी तिच्या हातात होती, आणि ती रात्री-अपरात्री काय काय पाठवायची ते त्याने छापून जोडलं होतं. समितीच्या बैठकीत पहिली पाच मिनिटं लोक एकमेकांकडे बघून ओठ दाबून हसत होते. मीही. मग तो आत आला, हात थरथरत होते, आणि खोली गप्प झाली. तक्रार सिद्ध झाली. बाईंची बदली झाली. पण सहा महिन्यांत नोकरी सोडली त्याने. कँटीनमध्ये त्याला 'हिरो' म्हणायचे.

नवा_आयडी_नाइलाज

नेहमीच्या आयडीने लिहायची हिंमत नाही. ज्यांना डुआयडी (कुणाचा तरी दुसरा, खोटा आयडी) वाटेल त्यांना वाटू दे.

पुण्यात नवी नोकरी, वय तेवीस. एका बंगल्याच्या मागे खोली घेतली होती. मालक परगावी, त्यांची बहीण खाली राहायची, माझ्याहून पंधरासतरा वर्षांनी मोठी. सुरुवातीला डबा पाठवायची. मग खोलीची दुसरी किल्ली तिच्याकडे असते हे कळलं, ती न विचारता आत आली तेव्हा. नाही म्हटलं तर म्हणाली, मी ओरडले तर लोक कुणाचं ऐकतील? ते अगदी खरं होतं. मी ओरडलो असतो तर कुणी ऐकलं असतं?

चार महिने. पुढचं लिहीत नाही.

दोन मित्रांना सांगितलं. एक म्हणाला, "पार्टी दे." (वर सावलीताईंनी हेच शब्द लिहिलेत, ते वाचून अंगावर काटा आला. म्हणूनच लिहायला बसलो.) दुसऱ्याने दिसते कशी ते विचारलं. मग एका रात्री दोन बॅगा घेऊन निघालो, डिपॉझिट तसंच सोडून. स्टेशनवर बाकावर झोपलो. ठाण्यात जायचं मनात आलं होतं. बाहेर चहा प्यायलो आणि परत फिरलो. आत जाऊन म्हणणार काय, माझ्यावर काय झालं? शब्द नव्हता.

आता लग्न झालंय, मुलगी आहे. दाराला आतून कडी लावल्याशिवाय मला झोप येत नाही. बायको म्हणते हा तुमचा चाळा आहे.

अवंती_आर

वाचलं. काय लिहू कळत नाही. लिहिलंत, बरं केलंत.

सावली_उन्हातली

मी ते शब्द टोमण्यात वापरले होते. तुमच्या बाबतीत ते अक्षरशः घडलं असेल असं वाटलं नव्हतं.

ठेचाभाकर

माझा पहिला प्रतिसाद संपादकांनी कृपया उडवावा.

संपादक मंडळ

त्याला उत्तरं आलेली असल्यामुळे उडवता येत नाही. राहू द्या.

अनामिक_वाटसरू

चौथीत होतो. शेजारची. एवढंच.

नागपुरी_संत्री

मी विदर्भात वीस वर्षं समुपदेशन करते. पुरुष या कारणासाठी कधीच येत नाहीत. येतात झोप लागत नाही म्हणून, दारू सुटत नाही म्हणून, बायकोशी जमत नाही म्हणून. चौथ्या-पाचव्या भेटीला म्हणतात, "म्याडम, माझ्या एका मित्राचं इचारायचं होतं." तो मित्र म्हणजे कोण ते दोघांनाही माहीत असते. मी मित्राबद्दलच बोलत राहते. घाई केली की माणूस पुन्हा येत नाही.

तळ्यात_मळ्यात, म्हणून तुम्ही पुढचं विचारलं नाही ते चुकलं नाही. पण फोन करणं बंद नका करू. पावसाचं विचारत असेल तर पावसाचं बोला. तो फोन उचलतो आहे ना, मग बोलणं चालू आहे.

नवा_आयडी आणि वाटसरू, बोलावंसं वाटलं तर टेलि-मानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, १४४१६. सरकारी, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येते. नाव सांगायची गरज नाही.

काळा_कोट

वाटसरू, कायद्याच्या बाजूने एकच सांगते, निराशा होईल तरी. पॉक्सो १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू झाला, त्याआधीच्या घटनेला तो लागत नाही. तुमचं त्याच्या आधीचं असेल तर तेव्हाच्या दंड संहितेत त्याला नावच नव्हतं. तुम्ही बोलला नाहीत हा तुमचा कच्चेपणा नाही, ऐकणारंच कुणी नेमलेलं नव्हतं.

आणि बाकीच्यांना, आज एखाद्या मुलाबद्दल असं कळलं तर गप्प बसता येत नाही. पॉक्सोच्या कलम १९ प्रमाणे कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं हाही गुन्हा. मुलांच्या हेल्पलाइनला, १०९८ ला, फोन लावा किंवा ठाण्यात जा. 'पोरगं नशीबवान' असं म्हणून सोडून द्यायची सोय कायद्याने ठेवलेली नाही.

चिंचोळी_गल्ली

मघाशी रंकाळाला जरा फटकन बोललो. पण माझं म्हणणं अजूनही तेच आहे, फरक करायला हवा.

रंकाळा_भेळ

करा की. मला कुठं नको हाय. कॅसेट तेवढी लावू नका म्हणा.

तळ्यात_मळ्यात (धागाकर्ता)

पाच दिवसांनी येतोय. सगळे प्रतिसाद वाचले.

एक गोष्ट मूळ धाग्यात लिहिली नव्हती. त्या चाळीस हसऱ्या चेहऱ्यांत एक माझा होता. 'तुम्ही सगळे हसलात' असं तो म्हणाला तेव्हा त्याने बघितलेलं होतं.

परवा गाडी काढून त्याच्या गावी गेलो, तासगावच्या पलीकडे. फोनवर नुसतं पावसाचं बोलून कंटाळा आला म्हटलं. द्राक्षाची बाग दाखवली त्याने, यंदा पावसाने काड्यांचं काय झालंय ते दाखवलं, डावणी-भुरीसारखे रोग, औषधाचे दर सगळं झालं. वहिनींनी जेवायला पिठलं केलं होतं. मग ओसरीवर बसलो आणि मी सांगितलं की असा असा धागा काढलाय, तुझं नाव नाही, गाव नाही, म्हणशील तर आत्ता उडवायला सांगतो.

त्याने फोन मागून घेतला. चष्मा लावून वाचत बसला, अर्धा-पाऊण तास. ठेचाभाकर यांच्या पहिल्या प्रतिसादाला काही बोलला नाही, विनयाच्या विनोदाला मात्र थोडा हसला. स्वतःबद्दल एक अक्षर नाही. मीही विचारलं नाही.

मी म्हटलं, गटात माफी टाकतो. म्हणाला, "नको, मग कुणासाठी म्हणून विचारत बसतील." म्हणजे माझ्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर तूर्त तरी हे. ज्याने 'कुठल्या बाई आठवल्या' लिहिलं होतं त्याला मात्र मी वेगळा फोन केला. तो चिडला, म्हणाला तू फार गंभीर झालायस. बघू.

निघताना गाडीपाशी आला. म्हणाला, तो पुण्याचा मुलगा, नवा आयडीवाला, त्याला डिपॉझिट परत मिळालं का ते विचार.

नवा_आयडी_नाइलाज

नाही मिळालं. नऊ हजार होते. सांगा त्यांना.